चांदीची सांगड

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राज्य कोणाचं होतं असं विचाराल तर मी सरळ हात वर करीन. राजा होता एवढं खरं. पण तो लांब होता, आणि ही गोष्ट घडली त्याच्या राज्याच्या पार टोकाला, जिथं जमीन संपते आणि खारं पाणी सुरू होतं. लहानांनी ऐकावी म्हणून सांगतो. मोठ्यांनी ऐकली तर जास्त बरं, कारण हिच्यातली चूक मोठ्यांनीच केली आहे.

तिथं खाडीच्या काठी कोळ्यांचं एक गाव होतं. खाडी जिथं समुद्राला मिळते तिथं पाण्याखाली वाळूचा लांबट उंचवटा होता. गावकरी त्याला उंबरठा म्हणत. घराबाहेर पडायचं तर उंबरठा ओलांडावाच लागतो, तसा समुद्रात जायचं तर हा ओलांडावाच लागे. भरतीला होडी त्याच्यावरून अलगद निघून जाई. पण ओहोटी असली, वारा फिरलेला असला, की तिथं लाटा अशा उसळत की होडी कधी उलटली ते आतल्या माणसालाही कळत नसे.

आणि सगळ्यात वाईट काय, सांगू? हा उंबरठा किनाऱ्यावरून दिसायचा. हाक ऐकू येईल इतका जवळ. होडी उलटली की माणसं पालथ्या होडीला धरून लोंबकळत, आणि इकडं वाळूत त्यांच्या बायका, आया, भाऊ उभे असत. चेहरे ओळखू येत. पोहत जावं तर लाटा जाणाऱ्यालाही गिळत. दुसरी होडी घालावी तर तीही उलटे. दोर फेकावा तर तो अर्ध्यातच पडे. मग पालथ्या होडीवरचा एकेक हात सुटायचा, आणि किनाऱ्यावरचे बघत राहायचे. दुसरं करणार काय?

त्या गावात हरकू नावाची बाई होती. मूळची ती कोळ्यांची नव्हे. डोंगरापलीकडच्या शेतकऱ्याची लेक. लहानपणी शेतातल्या मचाणावर उभी राहून गोफणीनं जोंधळ्यावरची पाखरं हाकलायची. एकदा बाजारात काथोड नावाच्या कोळ्याशी तिची नजरानजर झाली. दोघांनी हट्ट धरला, दोन्हीकडच्या माणसांनी कपाळाला हात लावले, आणि लग्न झालं. काथोड उंचापुरा, हसरा, थट्टेखोर. हरकू कमी बोलायची, पण बोलली की काथोडचं तोंड बंद व्हायचं. छान चाललं होतं दोघांचं.

लग्नाला फार दिवस झाले नव्हते, तेव्हा काथोडचा धाकटा भाऊ उंबरठ्यावर गेला. पालथ्या होडीला धरून त्यानं किनाऱ्यावरच्या गर्दीत हरकूला ओळखलं. "वहिनी! ए वहिनी!" अशी हाक मारली. दुसरी हाक अर्धीच आली.

हरकू घरी आली आणि चुलीपुढं नुसती बसून राहिली. काथोड रडून रडून थकला होता. त्याला ती म्हणाली, "उद्या तिथं तुम्ही असाल. आणि मी इथं वाळूत उभी राहून बघायचं? नाही. माझ्यानं नाही व्हायचं."

"मग करशील काय?" काथोडनं विचारलं.

"ते अजून ठाऊक नाही. पण बघत उभी राहायची नाही, एवढं सांगून ठेवते."

तर मंडळी, तिच्या डोक्यात त्या दिवसापासून एकच विषय. नवरा होडीवर गेला की ही किनाऱ्यावर बसून उंबरठ्याकडं टक लावून बघायची. आणि एक दिवस तिनं माहेरची गोफण काढली.

पहिल्यांदा तिनं गोफणीत दगड घातला, दगडाला अंबाडीच्या सुताची दोरी बांधली आणि गरागरा फिरवून सोडली. दगड गेला सणसणत. दोरी मात्र तिच्याच पायात गुंतली, आणि बाई वाळूत पालथी. जाळी विणत बसलेल्या बायका हसून हसून लोळल्या. एकजण ओरडली, "अगं बाय, समुद्रात पाखरं हाकतेस का काय?"

"हाकते," हरकू तोंडातली वाळू थुंकत म्हणाली, "तुला काय करायचंय?"

मग तिनं दोरी टोपलीत गोल गोल रचून ठेवली, म्हणजे ती उलगडत सुरळीत बाहेर जाईल. ते जमलं. पण दगड एखाद्याच्या टाळक्यात बसला तर बुडायच्या आधीच मरायचा. म्हणून दगड गेला आणि वाळू भरलेली कापडाची गुंडी आली. पहिली गुंडी हातातून उलटी सुटली ती थेट हिरोजी पाटलांच्या अंगणात, लोणच्याच्या बरणीवर. पाटील म्हणजे गावाचे मुख्य. मोठ्या मनाचे, मोठ्या आवाजाचे. ते लोणच्यानं माखलेली गुंडी हातात घेऊन किनाऱ्यावर आले.

"पोरी, हे तुझंच ना?"

"चुकलं, पाटीलबाबा."

"बरणीचं जाऊ दे. पण इतक्या लांब आलं कसं हे? परत फेकून दाखव बघू."

तिनं फेकून दाखवली. पाटील बघतच राहिले. म्हणाले, "शाब्बास! कर तू. कोण हसलं तर माझं नाव सांग."

आता दोरी तर उंबरठ्यापर्यंत पोचायला लागली. पण बारीक दोरीनं माणूस कसा ओढायचा? आणि लाटांत नाकातोंडात पाणी जाणाऱ्यानं तरंगायचं कशावर? हरकूनं वाळलेले भोपळे गोळा केले. आतला गर आणि बिया काढल्या, तोंडं लाकडी बुचांनी आणि राळेनं पक्की बंद केली, आणि काथ्याच्या जाळीत ते ओवून एक कडं केलं. पोहायला शिकताना मुलांच्या पाठीला भोपळे बांधतात, त्याला सांगड म्हणतात, ठाऊक आहे ना? तसलीच ही, पण माणसाला काखेत अडकवता येईल अशी. तिच्या एका बाजूला ती बारीक दोरी. दुसऱ्या बाजूला जाड दोर, त्याचं टोक किनाऱ्यावर. गोफणीनं गुंडी जायची, गुंडीमागं बारीक दोरी. पालथ्या होडीवरच्या माणसानं दोरी धरून ओढायची, की लाटांवरून नाचत सांगड त्याच्याजवळ. ती काखेत घातली, की किनाऱ्यावरच्यांनी जाड दोर खेचायचा. बस.

ऐकायला किती सोपं वाटतं! पण तोवर हजारो वर्षं माणसं बुडत होती आणि हे कुणाला सुचलं नव्हतं. सुचलं ते जोंधळा राखणाऱ्या पोरीला, आणि तेही जाळी आणि भोपळे यांच्यात येऊन पडल्यावर. मला तर आजही नवल वाटतं.

मोसम संपता संपता एका वादळी दुपारी पाटलांची स्वतःची होडी उंबरठ्यावर उलटली. पाटील आणि त्यांचे सोबती पालथ्या होडीला चिकटून होते. हरकू टोपली घेऊन धावली. लुगड्याचा काष्टा खोचला, गोफण फिरवली. पहिली गुंडी वाऱ्यानं डावीकडं गेली. दुसरी होडीच्या पलीकडं पडली आणि दोरी बरोब्बर पाटलांच्या हातावर. एकेक करून सगळे आले. शेवटी पाटील आले. वाळूवर पडून त्यांनी भडभडा पाणी ओकलं, उठून बसले, आणि सगळ्या गावादेखत हरकूपुढं हात जोडले.

"पोरी," ते रडत रडत म्हणाले, "आज तू मला जन्म दिलास."

त्या उंबरठ्यावर होडी उलटून जिवंत परत आलेलं माणूस गावानं तोवर पाहिलंच नव्हतं. गाव आनंदानं वेडं झालं. आणि इथूनच, बाळांनो, गोष्ट बिघडायला लागली.

पाटलांना वाटलं, एवढ्या उपकारातून उतराई व्हायचं कसं? त्यांनी सांगड देवळात नेऊन ठेवली. गुरवानं तिला हळदकुंकू लावलं. बायकांनी ओटी भरली. लोक तिला सांगडमाता म्हणू लागले. मग पाटलीणबाईंचे चांदीचे वाळे, कमरपट्टा, डबे सगळं वितळवून पाटलांनी तिला चांदीचा पत्रा चढवायचं ठरवलं. शहरातून सोनार आला.

हरकू बघायला गेली तेव्हा सोनार बारीक चुका, म्हणजे नाजूक खिळे, ठोकून पत्रा बसवत होता.

"पाटीलबाबा, चांदी जड असते हो."

"अगं, कागदासारखा पातळ पत्रा आहे! त्याचं कसलं आलंय ओझं?" पाटील म्हणाले. "माझा जीव वाचवणारी वस्तू अशी उघडीबोडकी ठेवू? लोक काय म्हणतील मला?"

त्यांच्या डोळ्यांत इतकं प्रेम होतं, की हरकू पुढं बोललीच नाही. चांदी सगळ्या भोपळ्यांना पुरली मात्र नाही. एक लहानसा भोपळा मागच्या बाजूला तसाच राहिला. सोनारानं त्याच्यावर लाल रेशमी फडकं गुंडाळून दिलं.

मग नियम आले. आंघोळ केल्याशिवाय सांगडीला शिवायचं नाही. अमावास्येला शिवायचं नाही. हरकूखेरीज कुणी गोफण हातात घ्यायची नाही. आधी हरकू रोज संध्याकाळी गावच्या बायकांना जमवून फेकायला शिकवायची. हसणं-खिदळणं चालायचं, गुंड्या सुटायच्या, सांगड वाळूत लोळायची, काथ्या तुटला की तिथंच शिवला जायचा. ते सगळं बंद झालं. एका बाईनं घरी दुसरी सांगड करायला घेतली, तर गुरव तिला म्हणाला, "उद्या दुसरा देवही घरी करशील का?" बिचारीनं भोपळे मोडून त्यांची भाजीची भांडी केली.

आणि हरकू? तिला समारंभात पहिला मान. नारळ पहिला तिच्या हातात. म्हातारीकोतारी माणसं तिला वाकून नमस्कार करत. खरं सांगायचं तर तिला ते आवडत होतं. का आवडू नये? जिला वाळूत पालथी पडलेली बघून गाव हसलं होतं, तिला आता गाव हात जोडत होतं. तिच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही मान खाली घालून गालात हसला असता.

काथोड मात्र थट्टा सोडायचा नाही. "माते," तो ताट पुढं करून म्हणायचा, "भक्ताला कालवण वाढ."

"गप बसा हो."

मग एकदा तो हसता हसता थांबून म्हणाला, "एक बोलू? मला ती तुझी जुनी मळकी सांगडच बरी वाटायची. ती बघून वाटायचं, ही आपल्यासाठी आहे. ही नवी बघून वाटतं, आपणच हिच्यासाठी आहोत."

हरकूनं ते ऐकलं आणि मनात ठेवलं. पण बोलून दाखवलं नाही. पाटलांच्या पाया पडून सांगायला हवं होतं, की काढा तो पत्रा. आज सांगू, उद्या सांगू, करता करता पावसाळा सरला.

नारळी पुनव आली. त्या गावाची एक रीत होती. पुनवेला समुद्राला नारळ वाहायचा, मग मोसमाची पहिली होडी पाटलांनी स्वतः उंबरठ्यापलीकडं न्यायची, सोबत एकच वल्हेकरी. ते पार झाले की मागून बाकीच्या होड्या. वल्हेकरी होण्याचा मान दरवर्षी कुणा एकाला मिळे. त्या वर्षी तो कुणाला मिळाला असेल? बरोबर. सांगडमातेच्या हरकूचा नवरा, काथोड.

सगळा गाव नवी लुगडी, नवी धोतरं नेसून किनाऱ्यावर आला. पालखीत सांगड होती. झेंडूच्या माळा, कुंकवाचा सडा, उन्हात चांदी अशी चमकत होती की डोळे दिपावेत. गोफणीला मोत्यांच्या सरी लावलेल्या, दोरीच्या टोपलीवर तेलाची धार सोडलेली.

पण वारा फिरला होता. ओहोटी होती, आणि उंबरठ्यावर पांढरं पाणी उसळत होतं. एक म्हातारी म्हणाली, "हिरोजी, दुपारची भरती येऊ दे रे. थांबलास तर काय बिघडलं?"

"मावशी," पाटील हसून म्हणाले, "मुहूर्त टळायचा नाही. आणि भीती कसली? आपली माता किनाऱ्यावर बसलीय की!"

सगळ्यांनी हरकूकडं पाहिलं. तिच्या ओठावर शब्द आले होते, 'जाऊ नका.' पण सगळा गाव तिच्याकडं हात जोडून बघत होता. मी नको म्हटलं तर लोक म्हणतील, हिचाच हिच्या सांगडीवर भरवसा नाही, असं तिच्या मनात आलं. ती गप्प राहिली. काथोडनं वल्हं उचललं, तिच्याकडं बघून डोळा मिचकावला, आणि होडी निघाली.

उंबरठ्यावर पहिल्याच मोठ्या लाटेनं होडी उभी केली आणि दुसरीनं उलटी. गाव ओरडला. मग पालथ्या होडीवर दोन डोकी दिसली. एक पाटलांचं, एक काथोडचं.

"माता! माता!" असा गजर झाला. हरकूनं पालखीतून सांगड उचलली. उचलताना तिचे हात खाली गेले, इतकी ती जड होती. तिनं गोफण फिरवली. मोत्यांच्या सरी एकमेकींत अडकल्या, गुंडी अर्ध्यातच पाण्यात पडली. तिनं दातांनी सरी तोडल्या. मोती वाळूत सांडले, कुणी उचलायला वाकलं नाही. पुन्हा फेकली. हात किती महिन्यांत फिरला नव्हता! त्यात टोपलीतली दोरी तेलाकुंकवानं एकमेकीला चिकटून बसलेली, निम्मी उलगडली आणि थांबली. हरकू रडत रडत नखांनी गाठी सोडवायला लागली, आणि पहिल्यांदाच ओरडली, "अगं या ना गं! हात लावा! सोडवा हे!"

बायका जागच्या हलेनात. त्यांना शिवायला बंदी होती ना!

तेवढ्यात पाटलीणबाई पुढं झाल्या. त्यांनी नव्या लुगड्याची पर्वा न करता वाळूत बसकण मारली आणि टोपलीत हात घातले. मग सगळ्या धावल्या. दोरी मोकळी झाली. तिसरी गुंडी गेली ती होडीच्या पलीकडं. काथोडनं दोरी धरली. किनाऱ्यावर आनंदाचा आरडाओरडा झाला. दोघं दोरी ओढू लागले, सांगड पाण्यात शिरली, पहिल्या लाटेवर एकदा लखलखली, आणि बुडाली.

आख्ख्या गावानं ते पाहिलं. उंबरठ्यावरून पाटलांनीही पाहिलं. त्यांनीच चढवलेली चांदी त्यांच्याच समोर पाण्याखाली गेली. दोरीवर तो भार आला आणि ती होडीजवळच तुटली.

"जाड दोर खेचा!" हरकू किंचाळली. सगळ्यांनी सांगड परत ओढून आणली. कोयत्यानं तिनं चांदीचा पत्रा फाडला. प्रत्येक भोपळ्याला सोनाराच्या चुकांची भोकं होती, आणि भोकाभोकांतून पाणी वाहत होतं. सगळे भोपळे वाया गेले होते. राहिला होता फक्त एक, मागच्या बाजूचा, लहानसा, ज्याला चांदी पुरली नव्हती.

एका भोपळ्यावर एक माणूस तरेल. दोन नाही. हे हरकूला कळत होतं, आणि पाटलीणबाईंनाही कळत होतं. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. पाटलीणबाईंनी पदर फाडून त्यात वाळू भरली आणि नवी गुंडी हरकूच्या हातात दिली. जाड दोराचं टोक भोपळ्याला बांधलं, उरलेली दोरी जोडली, आणि हरकूनं फेकली. असा हात तिनं आयुष्यात फिरवला नव्हता. गुंडी वाऱ्याला कापत गेली आणि दोरी पालथ्या होडीवर पडली.

दोरी पाटलांच्या हातात आली. त्यांनी ओढली. लाल फडक्यातला भोपळा लाटांवर हेलकावत त्यांच्याजवळ गेला. पाटलांनी भोपळा काथोडच्या छातीशी लोटला, दोराचा वेढा त्याच्या काखेतून घातला आणि हात वर करून खूण केली. ओढा!

गावानं ओढलं. काथोड किनाऱ्याला लागला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. हरकूनं त्याला पोटाशी धरला आणि तशीच दुसऱ्या हातानं गोफणीकडं वळली, पुन्हा फेकायला. पण पालथ्या होडीवर आता कुणी नव्हतं.

बोलता आल्यावर काथोडनं सांगितलं. "मी म्हटलं, पाटील, तुम्ही घ्या. तर म्हणाले, गप रे. तुला कुणी अडकवलं इथं? चांदी मी चढवली. तू जा, आणि हरकूला सांग, आता कुणालाही चढवू देऊ नकोस."

सगळा गाव रडला. वेडा होता पाटील, पण केवढा मोठा माणूस! मी त्याला नावं ठेवीत नाही. चूक प्रेमापोटी केली, आणि ती स्वतःच्या जिवानं फेडली. अशी माणसं किती असतात?

पण लोक शेवटी लोकच. तेरावं उरकलं, आणि गुरव हळदकुंकवाचं तबक घेऊन हरकूच्या दारात आला. त्याच्या मागं निम्मा गाव. "हरकूबाई," तो म्हणाला, "ज्या भोपळ्यानं काथोडला तारलं, तो द्या. पाटलांच्या नावानं देऊळ बांधू आणि त्याची स्थापना करू."

हरकू आतून भोपळा घेऊन बाहेर आली. तिनं त्याच्यावरचं लाल फडकं काढलं आणि गुरवाच्या तबकात ठेवलं.

"हे घेऊन जा," ती म्हणाली. "भोपळा मिळायचा नाही. मी गप्प बसले, लाजले, मानाला भुलले, आणि माझ्या धन्याला वाचवायला दुसऱ्या बाईचं कुंकू गेलं. आता मी गप्प बसायची नाही. याला कुंकू लावायचं नाही. याला हात लावायचे. सगळ्यांनी. मळक्या हातांनी, मासळीच्या हातांनी, रोज."

तेव्हा गर्दीतून पाटलीणबाई पुढं आल्या. पांढऱ्या लुगड्यात, रित्या मनगटांनी. त्यांनी ओसरीवरची गोफण उचलली आणि म्हणाल्या,

"मला शिकव. आजच."

दोघी किनाऱ्यावर गेल्या. एकेक करून साऱ्या बायका गेल्या, मग बाप्ये गेले, आणि तबक ओसरीवर ठेवून गुरवही गेला. फाडलेल्या चांदीचे पत्रे विकून अंबाडी, काथ्या आणि राळ आणली. पुढच्या पुनवेपर्यंत त्या गावात घरटी एक सांगड झाली. त्या मळत, फाटत, पुन्हा शिवल्या जात. मुलं त्यांच्यावर बसून डुंबत, कोंबड्या त्यांच्यात अंडी घालत. पण उंबरठ्यावर होडी उलटली की गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गोफणी सणसणत, आणि उलटलेल्या होडीवरचा हात सुटायच्या आत कुणाची ना कुणाची दोरी त्या हातात पडलेली असे. आसपासच्या गावांची माणसं येऊन शिकून गेली, त्यांच्याकडून त्यांच्या पलीकडची. करता करता साऱ्या किनाऱ्यावर ती सांगड पसरली. हरकूच्या नावाचं देऊळ मात्र कुठंच झालं नाही, कारण तिनं ते होऊच दिलं नाही.

तात्पर्य: जीव वाचवणाऱ्या वस्तूचा खरा सन्मान एकच, ती मखरात न बसवता सगळ्यांच्या हाताला तिची सवय लावणं.